नजरअंदाजापासून विश्वासांतरापर्यंत : भारतीय परिस्थितिकीतज्ज्ञांच्या संख्याशास्त्रीय प्रशिक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक

मार्च २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या पाहणीतून निश्चित झाले. आदल्याच वर्षी झालेल्या अधिकृत गणनेत याच जंगलात सोळाच्या आसपास वाघ दाखविण्यात आले होते. वाघ चोरट्या शिकारीला बळी पडले, ही या घटनेची एक बाजू होय आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी बाजू अशी की, वाघ संपत असताना मोजणीच्या तक्त्यांत त्याची चाहूल लागली नाही. ही मोजणी करणारी माणसे अनुभवी होती. वर्षानुवर्षे जंगल पायाखाली घातलेली होती. मग उणीव कोठे होती?

प्रस्तुत निबंधाचा मुख्य विषय वाघ नाही. सजीवांच्या संख्येचा आणि त्यांच्या परिसराचा अभ्यास करणाऱ्यांना नमुना निवड, आकलन आणि प्रतिमाने यांचे शिक्षण आपल्या देशात कसे मिळत गेले, आणि ते इतक्या उशिरा का मिळाले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. व्याघ्रगणना हे त्या शोधातील सर्वांत बोलके उदाहरण होय. या नियतकालिकाचे वाचक निरनिराळ्या विद्याशाखांचे असल्यामुळे सूत्रे शक्य तेवढी टाळली आहेत.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे : संख्याशास्त्राचे ज्ञान भारतात होते, किंबहुना नमुना पाहणीच्या क्षेत्रात भारत जगात अग्रेसर होता. ते ज्ञान शेतापर्यंत पोहोचले, परंतु शेताच्या बांधापलीकडच्या जंगलापर्यंत पोहोचण्यास आणखी अर्धशतक लागले.

शेताचा अनुभव

ग्रामीण महाराष्ट्राला आणेवारी हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. उभे पीक पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आणे आले आहे, हे महसूल कर्मचाऱ्याने नजरेने ठरवावयाचे आणि त्यावरून गावाचे, तालुक्याचे व पुढे प्रांताचे उत्पादन काढावयाचे, अशी ही ब्रिटिश काळातील पद्धत. पुढे आण्यांची जागा पैशांनी घेतली आणि ती पैसेवारी झाली. या पद्धतीत कर्मचाऱ्याचा अनुभव खोटा नसे; पण त्या अनुभवात चूक किती, हे सांगण्याचा मार्ग पद्धतीत नव्हता. शिवाय सारामाफी अथवा वसुली या अंदाजावर अवलंबून असल्यामुळे आकड्यावर कोणाचा ना कोणाचा दाब असे.

या व्यवस्थेला शास्त्रीय पर्याय दोन ठिकाणांहून आला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली व १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. दुसरीकडे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात आले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि लंडनहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन परतलेले सुखात्मे यांनी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतांत पीक कापणीचे प्रयोग देशभर रूढ केले. शेत कोणते घ्यावयाचे हे कर्मचाऱ्याच्या मनावर न सोडता चिठ्ठीवर सोडावयाचे, त्या शेतातील ठरावीक आकाराचा तुकडा आखून कापावयाचा आणि आलेले धान्य तोलावयाचे, अशी ही रीत होती.

या दोघांमध्ये झालेला वाद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. महालनोबीस लहान आकाराचे तुकडे पसंत करीत, कारण त्यात खर्च कमी आणि नमुन्यांची संख्या जास्त. सुखात्मे यांनी दाखवून दिले की, तुकडा जितका लहान तितके उत्पादन वाजवीपेक्षा अधिक दिसते. कारण साधे आहे. सीमारेषेवरचे रोप आत धरावे की बाहेर, हा प्रश्न पडला की माणसाचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी असते व ही चूक वाढते. संख्याशास्त्राच्या परिभाषेत ही अभिनती, म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक. नमुने कितीही वाढविले तरी ती कमी होत नाही. महालनोबीस यांचे उत्तर असे होते की, स्वतंत्र व कसून शिकविलेले पाहणी कर्मचारी असतील तर लहान तुकडेही विश्वसनीय ठरतात. सुखात्मे यांना महसूल व कृषी खात्यातील आहे त्याच कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यावयाचे होते, म्हणून त्यांना चूक सहन करणारी पद्धत हवी होती. वाद वरवर पाहता तुकड्याच्या आकाराचा असला तरी, शास्त्र न शिकलेल्या माणसाच्या हाती मोजणी द्यावयाची असेल तर पद्धत कशी आखावी, हा त्याचा गाभा होता. हाच प्रश्न पुढे जंगलात उभा राहिला. तो विचारणारा मात्र तेथे कोणी नव्हता.

१९५४ मध्ये विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचे 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तक कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या अनुभवातून १९२५ मध्ये जो ग्रंथ लिहिला होता, तो संशोधकांसाठी होता. पानसे-सुखात्मे यांच्या शीर्षकातील 'वर्कर्स' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. हे पुस्तक प्रयोगक्षेत्रावर काम करणाऱ्यासाठी होते व कृषी महाविद्यालयांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. कृषी परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात प्रशिक्षणाचे वर्ग चालू झाले आणि १९५९ मध्ये त्याला स्वतंत्र संस्थेचे रूप आले. शेतीशास्त्रज्ञ होण्यासाठी प्रचरण विश्लेषण आले पाहिजे, ही गोष्ट यानंतर आपल्याकडे गृहीत धरली गेली.

झाड पळत नाही

वन खात्याला मोजणीची परंपरा नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. डीट्रिच ब्रँडिस यांनी १८५० च्या दशकात ब्रह्मदेशातील पेगूच्या जंगलात सागाची मोजदाद नमुना पट्ट्यांवरूनच केली. हत्तीवर बसून ठरावीक मार्गाने जावे आणि हातातील बांबूच्या कामट्यांवर झाडाच्या घेराच्या वर्गानुसार चाकूने खाच पाडावी, अशी त्यांची रीत प्रसिद्ध आहे. पुढे डेहराडून येथे शिकलेल्या प्रत्येक वनाधिकाऱ्याला वृक्षमापन व उत्पादन कोष्टके शिकावी लागत. परंतु झाड एका जागी उभे असते. मोजणाऱ्याला ते दिसेल की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. वन्यप्राण्याच्या बाबतीत सगळी अडचण तेथूनच सुरू होते, आणि वृक्षमापनात वाढलेल्या मनाला ती अडचण आहे हे प्रथम जाणवतच नाही.

ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात वाघाच्या पावलांच्या ठशांवरून गणना करण्याची पद्धत विकसित केली. ठरलेल्या दिवसांत वनरक्षकांनी आपापल्या बीटमधील वाटा, नाले व पाणवठे तपासावेत, सापडलेल्या मागील डाव्या पंजाच्या ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवून घ्यावी किंवा प्लॅस्टरचा साचा काढावा आणि नंतर अधिकाऱ्यांनी सर्व ठसे शेजारी ठेवून वाघ किती ते ठरवावे. १९७२ च्या पहिल्या अखिल भारतीय गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले व पुढील वर्षी १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपले मेळघाट होते. २००१-०२ पर्यंत हा आकडा ३,६४२ वर गेला.

या पद्धतीची थट्टा करणे अलीकडे सोपे झाले आहे. परंतु तिच्यामुळे वर्षातून निदान एकदा प्रत्येक बीट पायी तपासले जाई आणि माग काढण्याचे जुने कौशल्य टिकून राहिले, हे विसरता येत नाही. दोष ठसे पाहण्यात नव्हता, तर दोन न तपासलेल्या गृहीतकांत होता. पहिले असे की, जंगलातील प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच. दुसरे असे की, अनुभवी नजरेला प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो. उल्हास कारंथ यांनी बंदिस्त वाघांचे ठसे देऊन अनुभवी अधिकाऱ्यांची चाचणी घेतली व तिचे निष्कर्ष १९८७ मध्ये मांडले. अधिकाऱ्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत आणि वाघांच्या खऱ्या संख्येशीही जुळली नाहीत. एका अर्थाने ही जंगलातील आणेवारीच होती. तसाच अनुभव, तशीच नजर, चुकीचे माप सांगण्याची तशीच असमर्थता, आणि आकड्यावर तसाच दाब. कारण व्याघ्र प्रकल्पातील वाघ वाढले की अधिकाऱ्याचे काम चांगले, असे समीकरण हळूहळू रूढ झाले होते.

येथे एक प्रश्न साहजिक पडतो. आणेवारीचे दोष १९४० च्या दशकात ज्या देशाने ओळखले, त्याच देशाने १९७२ मध्ये ठशांची गणना कशी स्वीकारली? त्याचे उत्तर बरेचसे शैक्षणिक आहे. कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र हा कण्याचा विषय झाला होता. विद्यापीठांतील प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभाग मात्र वर्गीकरण आणि शरीररचना यांतच रमले होते. त्या विभागांत परिस्थितिकी ही मुख्यतः वर्णनाची विद्या होती. अकरावीत गणित सोडून जीवशास्त्राकडे वळलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत आकड्यांना भिऊ लागलेला असे. त्याला सरासरी आणि काई-वर्ग चाचणी शिकविली जाई, तीही तयार आकड्यांवर. आकडे गोळा कसे करावयाचे, हा संख्याशास्त्राचा अर्धा भाग अभ्यासक्रमाबाहेरच राही.

दोन विद्यांमधली माणसे

अपवाद होते. जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. महागडी उपकरणे नसलेल्या देशात निरीक्षण आणि मोजणी यांच्या बळावर उत्तम जीवशास्त्र करता येते, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या प्रभावाखाली टी. ए. डेव्हिस यांनी डाव्या व उजव्या वळणाच्या नारळाच्या झाडांची मोजदाद केली, तर सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासमवेत पीतमुखी टिटवीच्या घरट्यांचा अभ्यास केला. संख्याशास्त्राच्या संस्थेत बसून टिटवीची अंडी मोजणारे हे संशोधक पाहून त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. हाल्डेन १९६१ मध्ये संस्थेतून बाहेर पडले आणि १९६४ मध्ये निवर्तले. त्यामुळे ही परंपरा रुजण्याआधीच खंडित झाली.

दुसरा धागा पुण्याशी निगडित आहे. माधव गाडगीळ यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे मुंबईत प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये हार्वर्ड येथे गणितीय परिस्थितिकीत पीएच.डी. मिळविली. भारतात परतल्यावर १९७३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तेथे त्यांचे पहिले स्थान सैद्धांतिक अभ्यासकेंद्रात होते, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. १९८३ मध्ये त्याच संस्थेत परिस्थितिकी विज्ञान केंद्र स्थापन झाले. क्षेत्रकार्य करणारा विद्यार्थी आणि प्रतिमान रचणारा विद्यार्थी एकाच दालनात बसतात, अशी व्यवस्था भारतात प्रथम येथे स्थिरावली, असे म्हणता येईल.

तिसरा धागा तितकाच मोलाचा, परंतु कमी ठाऊक असलेला आहे. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ पासूनचा. केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेले वसंत शंकर हुजूरबाजार हे त्याचे आद्य विभागप्रमुख. या विभागातील अनिल गोरे व शरयू परांजपे यांनी परिस्थितिकीतील प्रश्नांकडे लक्ष वळविले. १९९३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याघ्रगणनेतील मोजमापाच्या भूमिकेविषयी निबंध प्रसिद्ध केला, आणि २००१ मध्ये त्यांचे 'अ कोर्स इन मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल इकॉलॉजी' हे पाठ्यपुस्तक निघाले. पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकानंतर ४७ वर्षांनी, पुन्हा मराठी माणसांकडूनच, पण या वेळी परिस्थितिकीसाठी पाठ्यपुस्तक आले. या ४७ वर्षांच्या अंतरातच आपल्या विषयाचा बराचसा इतिहास सामावला आहे.

न दिसलेल्यांची मोजणी

वन्यप्राण्यांच्या संख्येचे आकलन करण्याची मूळ कल्पना तशी जुनी आहे. तळ्यातून वीस मासे पकडून त्यांना खूण करून सोडून द्या. काही दिवसांनी पुन्हा पंधरा पकडा. त्यांत खुणेचे पाच निघाले, तर पहिल्या वेळी आपण साधारण एक-तृतीयांश मासे पकडले होते, म्हणजे तळ्यात सुमारे साठ मासे असावेत. डेन्मार्कचे पीटरसन यांनी १८९६ मध्ये आणि अमेरिकेतील लिंकन यांनी १९३० मध्ये हा विचार वापरला. याला पकड-पुनर्पकड पद्धत म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे की, जे दिसले नाहीत त्यांचाही हिशेब ती मांडते. ज्ञानाच्या दृष्टीने हे मोठे वळण आहे. 'किती दिसले' हा एक आकडा आणि 'किती आहेत' हा दुसरा. त्या दोहोंना जोडणारी दुवा म्हणजे आढळण्याची संभाव्यता. ठशांच्या गणनेत ही संभाव्यता न बोलता एक धरली होती.

कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे लावून वाघांची छायाचित्रे घेतली. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे असल्यामुळे छायाचित्र हीच खूण झाली आणि वाघाला न पकडता पकड-पुनर्पकड साधली. या कामात त्यांना अमेरिकेतील संख्याशास्त्रीय परिस्थितिकीचे अभ्यासक जेम्स निकोल्स यांची साथ मिळाली. त्यांचा निबंध १९९८ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती २००२ मध्ये या दोघांनी संपादित केलेली, वाघ व त्याचे भक्ष्य यांच्या मोजणीची पुस्तिका. संशोधक, व्यवस्थापक आणि संवर्धक अशा तिघांना उद्देशून ती लिहिलेली आहे. जंगलासाठी 'वर्कर्स'चे पुस्तक हवे होते, ते एका अर्थी हेच.

ठशांची बाजूही या काळात निरुत्तर राहिली नाही. संदीप शर्मा, यादवेंद्रदेव झाला व विश्वास सावरकर यांनी २००५ मध्ये दाखविले की, ठशाची अनेक मापे काटेकोरपणे घेऊन त्यांना विवेचक विश्लेषण लावले तर वाघ ओळखण्यात बरेच यश मिळू शकते. म्हणजे ठसा तोच, फक्त नजरेच्या जागी मोजपट्टी आणि बहुचल विश्लेषण. सरिस्काची बातमी त्याच वर्षीची.

सरिस्कानंतर

केंद्र सरकारने २००५ मध्ये सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. त्याच्या सदस्यांत माधव गाडगीळ होते. ठशांच्या पद्धतीवर १९७९ मध्ये लिहिलेले हेमेंद्रसिंह पंवारही होते. ठशांची गणना मागे पडली व २००६ पासून भारतीय वन्यजीव संस्थेने आखलेली दुहेरी नमुना पद्धत आली. तीत वनरक्षक प्रत्येक बीटमध्ये वाघाच्या खुणा व भक्ष्य प्राणी यांची नोंद करतात. उपग्रहीय माहितीवरून अधिवासाचे चित्र मिळते. निवडक ठिकाणी कॅमेरे लावून वाघांची घनता काढतात आणि या तिन्हींचा संबंध प्रतिमानाने जोडून उर्वरित जंगलाचा अंदाज बांधतात. २००८ मध्ये जाहीर झालेला पहिला निष्कर्ष १,४११ होता. त्यासोबत १,१६५ ते १,६५७ अशी मर्यादाही दिलेली होती. अधिकृत व्याघ्रगणनेत चूक किती असू शकते, याची अशी ठळक कबुली नवीनच होती. ३,६४२ वरून १,४११ ही घसरण पाहून देश हादरला. वस्तुतः हे दोन आकडे दोन निराळ्या मापांनी घेतलेले असल्यामुळे त्यांची वजाबाकी करणेच गैर होते. ही साधी गोष्ट सांगणारे त्या वेळी थोडे होते.

नव्या पद्धतीवरही टीका झाली. २०१५ मध्ये अर्जुन गोपालस्वामी, भारतीय सांख्यिकी संस्थेचे मोहन देलंपाडी, कारंथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणांच्या निर्देशांकावरून घनतेचा अंदाज बांधण्याच्या विश्वासार्हतेविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले; झाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे खंडन केले. या वादाचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. मात्र महालनोबीस-सुखात्मे वादाशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते. येथेही प्रश्न हाच की, खात्यातील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर किती भार टाकावा आणि स्वतंत्र, सखोल पण मर्यादित नमुन्यावर किती.

साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. 'आर' ही विनामूल्य संगणकीय भाषा २००० मध्ये तिच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत आली आणि लहान गावातील महाविद्यालयातही ती उपलब्ध झाली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, वाघांची ७६,६५१ छायाचित्रे मिळाली आणि त्यांतून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखले गेले. सामग्रीचा असा पूर आला की प्रशिक्षणाचा प्रश्न सुटण्याऐवजी त्याचे रूप बदलते. आकडेमोड संगणक करतो. परंतु कॅमेरा कोठे लावावयाचा, दोन कॅमेऱ्यांत अंतर किती ठेवावयाचे, मधल्या काळात वाघ बाहेरून आले तर कोणते गृहीतक मोडते, हे त्याला ठाऊक नसते. आपल्या वर्गांत आज्ञावली चालविणे शिकविले जाते. गृहीतक केव्हा मोडते हे शिकविण्यासाठी विद्यार्थ्याला शिवारात न्यावे लागते, आणि त्याच्यासोबत संख्याशास्त्राच्या प्राध्यापकालाही. वेळापत्रकात या दोघांचा तास एकत्र येत नाही. ही अडचण क्षुल्लक वाटते, पण ज्यांनी असा प्रयत्न केला आहे त्यांना तिचे वजन माहीत आहे.

या सर्व साखळीच्या तळाशी वनरक्षक आहे. नेमलेल्या सरळ रेषेवर तो पहाटे चालतो, चितळ-सांबरांचे कळप मोजतो, होकायंत्राने दिशा व अंतरमापकाने अंतर नोंदवितो. एखाद्या दिवशी काहीच दिसले नाही, तर त्या कोऱ्या दिवसाची नोंदही तितकीच मोलाची असते, कारण आढळण्याची संभाव्यता तिच्यावाचून निघत नाही. हे त्याला कोणी समजावून सांगितले असेल तर तो शून्य लिहितो. सांगितले नसेल, तर रिकाम्या हाताने परतणे त्याला कामचुकारपणासारखे वाटते आणि रकान्यात काहीतरी भरले जाते. सुखात्मे यांच्या तुकड्याच्या कडेवरचे रोप ज्या हाताने आत ओढले जाई, तोच हा हात.

एप्रिल २०२३ मध्ये मैसूर येथे देशातील वाघांची किमान संख्या ३,१६७ असल्याचे जाहीर झाले. जुलैमध्ये सविस्तर विश्लेषणानंतर सरासरी आकलन ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ असे प्रसिद्ध झाले. ज्याला विश्वासांतराची ओळख आहे त्याला या दोन घोषणांत विसंगती दिसत नाही. ज्याला नाही, त्याला तीन महिन्यांत पाचशे वाघ वाढले असे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. पदवीच्या पहिल्या वर्षातील वर्गात हे तीन आकडे फळ्यावर लिहून, त्यांचा परस्परसंबंध काय, एवढाच प्रश्न विचारून पाहावा. मिळालेली उत्तरे संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून वाचावीत.